बेडकांच्या पायांचा हिशेब मांडणारे हुमायून अब्दुलअली

वर्धा : मृगाच्या पहिल्या दमदार सरी कोसळल्या, की वर्धा जिल्ह्यातील काळ्या जमिनीत एक चमत्कार घडतो. उन्हाळाभर भेगाळलेल्या मातीत दडी मारून बसलेले मोठे बेडूक एका रात्रीत वर येतात. धाम, बोर, यशोदा या नद्यांच्या काठची डबकी, शेतातली साचपाण्याची जागा, रस्त्याच्या कडेचे खड्डे त्यांच्या आवाजाने दुमदुमून जातात. एरवी मातकट हिरवा दिसणारा नर या दिवसांत लिंबासारखा पिवळा होतो आणि त्याच्या गळ्याशी दोन निळ्याशार पिशव्या फुगतात. पाऊस लांबला तर विदर्भातील खेडोपाडी मुले याच बेडकाला कडुनिंबाच्या डहाळीला बांधून दारोदार 'धोंडी' काढतात आणि पाण्याची मागणी करतात. पावसाचा दूत म्हणून लोकांनी मान दिलेला हा जीव एकेकाळी गोठवलेल्या पेट्यांमध्ये बंद होऊन फ्रान्स, बेल्जियम आणि अमेरिकेच्या बाजारात जात होता, हे आजच्या पिढीतील फार थोड्यांना ठाऊक असेल. ही निर्यात १९८७ मध्ये बंद झाली. त्यामागे ज्यांचा अभ्यास आणि चिकाटी होती, त्यांत मुंबईतील एका पक्षिशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचे नाव हुमायून अब्दुलअली.

पक्षिशास्त्रज्ञ म्हटले, की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर डॉ. सलीम अली उभे राहतात. हुमायून अब्दुलअली हे त्यांच्याच नात्यातले, वयाने अठरा वर्षांनी लहान आणि प्रसिद्धीच्या बाबतीत कायम त्यांच्या सावलीत राहिलेले. सलीम अलींच्या पुस्तकांनी घराघरांत पक्षी पोचवले. अब्दुलअलींचे काम मात्र संग्रहालयाच्या कपाटांत, कायद्याच्या मसुद्यांत आणि शास्त्रीय नियतकालिकाच्या बारीक अक्षरांतल्या टिपणांत राहिले. त्यामुळे अभ्यासकांच्या वर्तुळात त्यांचा दबदबा होता, पण वृत्तपत्राच्या वाचकांना त्यांची ओळख तशी उशिराच झाली.

त्यांचा जन्म १९ मे १९१४ रोजी जपानमधील कोबे या बंदराच्या गावी झाला. घराणे मुंबईतील सुलेमानी बोहरा समाजातले. त्या काळी मुंबईतील अनेक व्यापारी कुटुंबांचा पूर्वेकडील बंदरांशी व्यवहार असे आणि अब्दुलअलींचे वडीलही व्यापारानिमित्त जपानमध्ये होते. बालपणीच हुमायून मुंबईला आले. सेंट झेवियर्स शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. विषय होता प्राणिशास्त्र. पुढे पोटापाण्यासाठी त्यांनी व्यवसाय केला. निसर्गाच्या अभ्यासातून त्यांनी अर्थार्जन केले नाही, आणि ही बाब त्यांचे सारे आयुष्य समजून घेताना लक्षात ठेवावी लागते. सरकारी नोकरीची किंवा विद्यापीठाच्या पदाची मिंधेगिरी नसल्याने जे पटले ते बोलण्याची मुभा त्यांना होती, आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली.

त्या पिढीतील बहुतेक निसर्गतज्ज्ञांप्रमाणे त्यांची सुरुवात बंदुकीने झाली. शिकार हा तेव्हा सुखवस्तू घरांतील तरुणांचा छंद होता. जंगल कसे वाचायचे, पाणथळीवर पहाटे कुठे दबा धरायचा, कोणत्या हंगामात कोणता पक्षी येतो, हे ज्ञान शिकाऱ्याच्या अंगात आपोआप मुरते. आजच्या वाचकाला हे विसंगत वाटण्याची शक्यता आहे. परंतु मारलेल्या पक्ष्याचे कातडे नीट भरून, त्यावर तारीख-ठिकाणाची चिठ्ठी लावून संग्रहात ठेवणे हीच तेव्हाची शास्त्रीय पद्धत होती. दुर्बिणी आणि कॅमेरे सर्वांच्या हाती यायला अजून अवकाश होता. अब्दुलअलींना या चिठ्ठीचे महत्त्व इतरांपेक्षा अधिक कळले होते, असे म्हणता येईल. चिठ्ठी नसलेला नमुना त्यांच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी होता.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, ही १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली संस्था त्यांचे दुसरे घर बनली. वयाच्या विशीतच त्यांनी सलीम अलींबरोबर मुंबई आणि साष्टी बेटातील पक्ष्यांचा अभ्यास हाती घेतला. १९३६ पासून हा अभ्यास संस्थेच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. आज जिथे अंधेरी, पवई, बोरिवलीच्या इमारती उभ्या आहेत, तिथे तेव्हा भातखाचरे, ताडाची झाडे आणि खाजणे होती. कोणता पक्षी त्या परिसरात कधी आणि किती दिसत होता, याची ही नोंद आता शहराच्या हरवलेल्या निसर्गाची वहीच झाली आहे. त्याच सुमारास वेंगुर्ल्याच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर जाऊन त्यांनी तिथल्या पाकोळ्या आणि सुरयांची पाहणी केली. ज्या पाकोळीचे घरटे चिनी लोक सूपमध्ये वापरतात ती पाकोळी कोकणच्या किनाऱ्यावर, त्या खडकांतील गुहेत वसाहत करून राहते. या पाहणीचा लेख १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

स्वातंत्र्यानंतरची काही वर्षे वन्यजीवांसाठी मोठ्या कसोटीची होती. संस्थानांच्या राखीव शिकारगाहांवरचा पहारा उठला होता, युद्धातून उरलेल्या जीपगाड्या बाजारात आल्या होत्या आणि रात्री प्रखर दिव्याच्या झोतात हरणे टिपणे सोपे झाले होते. १९१२ चा ब्रिटिशकालीन कायदा या परिस्थितीत तोकडा पडत होता. तेव्हाच्या मुंबई राज्यासाठी नवा कायदा करण्याचे ठरले, त्या वेळी त्याचा मसुदा घडवण्यात अब्दुलअलींचा मोठा वाटा होता. १९५१ चा मुंबई वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षण कायदा हे त्याचे फळ. शिकारीचे परवाने, बंदीचा हंगाम, शिकारीच्या मालाचा व्यापार अशा गोष्टींना त्यात शिस्त लावण्याचा प्रयत्न होता. स्वतः शिकारी असल्याने पळवाटा कुठे असतात, हे अब्दुलअलींना कुणी सांगावे लागले नाही. देशभराला लागू होणारा वन्यजीव संरक्षण कायदा पुढे १९७२ मध्ये आला, तेव्हा मुंबई राज्याच्या या कायद्याचा अनुभव कामी आला. वर्धा जिल्हा त्या वेळी जुन्या मध्य प्रदेशात होता. तो मुंबई राज्यात आला १९५६ मध्ये, आणि जिल्ह्यातील बोर अभयारण्याची घोषणा झाली १९७० मध्ये. वाघ, बिबळे, सांबर यांच्यासाठी कायदे आणि अभयारण्ये अशी हळूहळू उभी राहत गेली. मात्र बेडकाचा विचार या साऱ्यात कुणाच्याही मनात नव्हता.

१९५० च्या दशकात अब्दुलअली बीएनएचएसचे मानद सचिव होते. पत्रव्यवहार, सभा, निधीची जुळवाजुळव, नियतकालिक, संग्रह, सरकारदरबारी खेपा अशी या पदाची कामे होती आणि ती विनावेतन करायची होती. याच काळात संस्थेत बेडकांच्या अभ्यासालाही थोडी चालना मिळाली. जे. सी. डॅनियल हे संस्थेतील तरुण अभ्यासक पश्चिम भारतातील उभयचरांवर काम करीत होते. त्यांची क्षेत्रमार्गदर्शक लेखमाला १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागली. माथेरानच्या बाजूला सापडणाऱ्या लीथच्या बेडकाच्या आढळाविषयी अब्दुलअलींनी डॅनियल यांच्यासमवेत टिपण लिहिले. पक्षिशास्त्रज्ञाने बेडकांत डोके का घालावे, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला असेल तर त्याचे उत्तर सोपे होते. पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्याला पक्ष्यांपेक्षा बेडूकच अधिक भेटतात.

१९५५ मध्ये भादुरी आणि कृपलानी या दोन शास्त्रज्ञांनी महाराष्ट्राच्या सह्याद्रीतील एका ओढ्याकाठच्या बेडकाचे शास्त्रीय वर्णन केले. अंगावर सुरकुत्या असलेला, मोठ्या डोळ्यांचा, दिवसा दगडांखाली लपणारा आणि रात्री ओढ्यावर ओरडणारा हा लहानसा बेडूक तोवर विज्ञानाला वेगळी जात म्हणून माहीत नव्हता. त्यांनी त्याला नाव दिले निक्टिबॅट्राकस हुमायुनी. नावाचा पहिला भाग म्हणजे रात्रीचा बेडूक, आणि दुसरा भाग अब्दुलअलींच्या सन्मानार्थ. चाळिशीत असलेल्या माणसाच्या नावाचा एक जीव सह्याद्रीच्या ओढ्यांत नांदू लागला. इंग्रजीत त्याला आज मुंबईचा रात्रबेडूक म्हणूनही ओळखतात. या बेडकाची खरी कहाणी मात्र अर्धशतकानंतर उलगडायची होती.

मधली दोन-तीन दशके अब्दुलअली पक्ष्यांतच गुंतलेले होते. अंदमान आणि निकोबार बेटांचे त्यांना विलक्षण आकर्षण होते. जिथे पोचणे आजही सोपे नाही अशा या बेटांवर त्यांनी वारंवार मोहिमा काढल्या आणि तिथल्या पक्ष्यांविषयी सविस्तर लेखन केले. नारकोंडम हे बंगालच्या उपसागरातील चिमुकले ज्वालामुखी बेट. जगात केवळ याच बेटावर आढळणारा एक धनेश पक्षी तिथे आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अब्दुलअली तिथे गेले आणि बेटावरील प्राणिसृष्टीची नोंद करून आले. निकोबार समूहातील ग्रेट निकोबार बेटावर कॅम्पबेल बे येथे त्यांनी १९६६ मध्ये आणि पुन्हा १९७७ मध्ये एकेक लहान घुबड मिळवले. त्यांनी ते परिचित जातीची उपजात म्हणून नोंदवून संग्रहात ठेवले. पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक महिलेने याच दोन नमुन्यांचा अभ्यास करून १९९८ मध्ये ती स्वतंत्र जात असल्याचे दाखवून दिले. हे घुबड आता निकोबार स्कॉप्स आउल म्हणून ओळखले जाते. उल्लेखनीय बाब म्हणजे शंभराहून अधिक वर्षे न दिसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबारकडील शहाद्याच्या जंगलात पुन्हा शोधून काढणाऱ्या चमूतही रासमुसेन होत्या. हा पिंगळा नंतर आपल्या विदर्भातील मेळघाटातही मिळाला. दोन्ही शोधांचा पाया एकच होता. कुणीतरी कधीकाळी कातड्याला लावलेल्या चिठ्ठ्यांची बारकाईने केलेली तपासणी.

या चिठ्ठ्यांसाठीच अब्दुलअलींनी आपल्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे दिली. बीएनएचएसच्या संग्रहात पक्ष्यांची हजारो भरलेली कातडी होती. ठिकठिकाणच्या सर्वेक्षणांतून, शिकाऱ्यांकडून, इंग्रज अधिकाऱ्यांकडून आलेली. त्यांची एकसंध सूची नव्हती. अब्दुलअलींनी एकेक कातडे हाती घेऊन, पंख-चोच-शेपटी मोजून, ठिकाण आणि तारीख ताडून सूची करायला घेतली. १९६८ पासून ती नियतकालिकात भागाभागाने प्रसिद्ध होत गेली आणि हे काम १९९० च्या दशकापर्यंत चालू राहिले. वाचायला हे लेखन रुक्ष आहे, यात शंका नाही. मापांचे तक्ते, गावांची नावे, आणि मध्येच एखाद्या जुन्या चुकीवर बोट ठेवणारे तिखट वाक्य. पण भारतात पक्ष्यांवर संशोधन करणाऱ्या कुणालाही या सूचीशिवाय पुढे जाता येत नाही.

बेडूक त्यांच्या आयुष्यात पुन्हा आला तो सत्तरी गाठत असताना, आणि या वेळी तो ओढ्याकाठी नव्हे तर निर्यातीच्या आकडेवारीत भेटला.

बेडकांचे पाय हे युरोपात, विशेषतः फ्रान्स आणि बेल्जियममध्ये, चवीचे खाणे समजले जाते. तिथले बेडूक कमी झाले तशी नजर आशियाकडे वळली. भारतातून १९५० च्या दशकानंतर ही निर्यात वाढत गेली. केरळ, आंध्र, पश्चिम बंगाल या राज्यांत बेडूक गोळा करून त्यांचे पाय गोठवण्याचे कारखाने उभे राहिले. मागणी होती ती मोठ्या पिवळ्या बेडकाला, म्हणजे बुलफ्रॉगला. पहिल्या पावसात, विणीसाठी बेडूक डबक्यांत जमले की पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्यांना पकडणे अगदी सोपे. दिव्याने दिपलेला बेडूक जागचा हलत नाही. पकडणारे बहुतेक भूमिहीन मजूर असत आणि त्यांना नगावर पैसे मिळत. माद्या पोटात अंडी असतानाच पकडल्या जात. त्यामुळे एका बेडकाबरोबर पुढच्या हंगामाचे हजारो बेडूक संपत. कारखान्यात मागचे पाय कापून घेतले, की उरलेला अर्धा जीव, बहुधा जिवंत असतानाच, ढिगावर फेकला जाई. या क्रौर्यावर परदेशातही पुढे मोठी ओरड झाली.

१९८० च्या दशकाच्या आरंभी भारतातून वर्षाला सुमारे चार हजार टन पाय बाहेर जात होते. एक किलो पाय भरायला बेडकाच्या आकारमानानुसार वीस ते पन्नास बेडूक लागतात. कागदावर गुणाकार करून पाहिला तर एका वर्षाची संख्या आठ कोटींपासून वीस कोटींपर्यंत जाते. यात वाटेत मेलेले आणि लहान म्हणून टाकून दिलेले बेडूक आलेले नाहीत.

सरकारच्या दृष्टीने हा परकीय चलनाचा प्रश्न होता. देशाला डॉलरची निकड होती आणि बेडूक फुकटात उगवत होते. निर्यातदार, मत्स्यखाते, वाणिज्य मंत्रालय यांच्यापुढे कळवळ्याचे शब्द चालणार नव्हते. अब्दुलअलींनी हे ओळखले आणि व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला साजेल असा मार्ग धरला. त्यांनी हिशेबाला हिशेबाने उत्तर दिले. बेडूक काय खातो, किती खातो, हे आधी पाहायचे. त्यासाठी बेडकांच्या पोटातील अन्नाची तपासणी झाली. पोटातून भाताच्या बांधांना भोके पाडणारे खेकडे आणि पिकांवर ताव मारणारे किडे निघाले. बुलफ्रॉग हा खादाड प्राणी आहे. तोंडात मावेल ते तो गिळतो. उंदराचे पिल्लू, लहान साप, प्रसंगी दुसरा बेडूकसुद्धा. कोट्यवधी बेडूक शेतातून उचलले तर त्यांनी खाल्ले असते ते सारे किडे शेतातच राहणार. मग त्यांच्यावर फवारायला कीटकनाशके लागणार आणि ती किंवा त्यांचा कच्चा माल बाहेरून आणायचा तर पुन्हा डॉलरच मोजावे लागणार. एका हाताने पाय विकून मिळवलेले चलन दुसऱ्या हाताने विषासाठी द्यायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार असल्याचे त्यांनी मांडले. भारतातील बेडकांच्या पायांच्या निर्यातीवरचा त्यांचा प्रदीर्घ लेख १९८५ मध्ये बीएनएचएसच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते.

या लेखाने सारे काही बदलले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्राणिमित्र संघटना त्याआधीपासून आवाज उठवत होत्या. बेडूक घटत चालल्याची कुणकुण निर्यातदारांनाही लागली होती. १९८५ मध्येच वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात भारतातील या बुलफ्रॉगचा आणि दक्षिणेकडील हिरव्या तळबेडकाचा समावेश झाला. असे असले तरी सरकारी टेबलावर ठेवता येईल असा, माहितीने भरलेला भारतीय अभ्यास हवा होता, आणि तो अब्दुलअलींनी पुरवला. १९८७ मध्ये केंद्र सरकारने बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली. पुढे काही वर्षांतच बांगलादेशानेही तेच केले. व्यापार मात्र थांबला नाही. तो इंडोनेशियाकडे सरकला आणि आजही तो देश या मालाचा मोठा पुरवठादार आहे.

अब्दुलअलींच्या युक्तिवादाला एक कमकुवत बाजूही होती, ती झाकण्याचे कारण नाही. बेडूक वाचला म्हणून कीटकनाशके कमी झाली असे काही घडले नाही. विदर्भातील कापसाच्या पट्ट्यात तर फवारणी वाढतच गेली. बोंडाच्या आत शिरलेली गुलाबी बोंडअळी बेडकाच्या तोंडी येत नाही, हेही खरे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे वेधले गेले. बेडकाची कातडी पातळ असते आणि तो तिच्यातूनही श्वास घेतो, पाणी घेतो. शेतातून वाहून डबक्यात उतरलेले औषध त्याच्या अंगात थेट भिनते. जाळे आणि पेट्रोमॅक्स गेले, पण डबके पूर्वीचे राहिले नाही. अब्दुलअलींनी विष आणि बेडूक यांना एकाच पानावर जमा-खर्चात मांडले होते, त्यातील खर्चाची बाजू नंतरच्या काळात अशी फुगली.

निर्यातबंदीनंतरही त्यांनी बेडकांची पाठ सोडली नाही. गोव्यातून आलेल्या उभयचरांच्या एका लहान संग्रहावर त्यांनी ए. जी. सेकर यांच्यासमवेत १९८८ मध्ये टिपण लिहिले. याच गोव्यात पावसाळ्याच्या तोंडाला बुलफ्रॉग 'जंपिंग चिकन' या नावाने ताटात येतो. कायद्याने त्यावर बंदी आहे आणि वनखाते दर वर्षी जून महिन्यात गस्त घालते व जनजागृतीही करते. तरीही चोरटी पकड पूर्णपणे थांबलेली नाही. परदेशी गिऱ्हाईक गेले, देशी राहिले.

हुमायून अब्दुलअली यांचे निधन मुंबईत ३ जून २००१ रोजी झाले. तेव्हा त्यांचे वय सत्त्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्यामागे राहिला तो संग्रहांचा, सूचींचा, टिपणांचा आणि वादांचा मोठा पसारा. स्पष्टवक्तेपणामुळे त्यांनी अनेकांना दुखावले, हेही त्यांच्याबरोबर काम केलेल्यांच्या आठवणींत येते. त्यांच्या नावाचा बेडूक त्या वेळी फार कुणाच्या खिजगणतीत नव्हता. २००४ मध्ये जगभरातील उभयचरांचे पहिले मोठे मूल्यमापन झाले आणि जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हा रात्रबेडूक 'असुरक्षित' वर्गात नोंदला गेला. कारणे ओळखीची होती. सह्याद्रीतील ओढ्याकाठची जंगले तुकड्यातुकड्यांत उरली आहेत आणि थंड हवेच्या ठिकाणांभोवती बंगले, हॉटेले, रस्ते वाढत आहेत. या बेडकाला झाडीची सावली, वाहते स्वच्छ पाणी आणि पाण्यावर झुकलेली पाने एवढेच लागते. पण ही तिन्ही एकत्र मिळणारी ठिकाणे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. त्याच सह्याद्रीतील आंबोलीचा भेक तर २००९ मध्ये विज्ञानाला माहीत झाला तोच अतिसंकटग्रस्त म्हणून. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जागतिक अभ्यासानुसार जगातील उभयचरांच्या जवळपास ४१ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. पक्ष्यांचे किंवा सस्तन प्राण्यांचे प्रमाण याहून बरेच कमी आहे.

हुमायुनी बेडूक जगभरच्या बातम्यांत झळकला तो २०१६ मध्ये. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाळ्यातील अनेक रात्री ओढ्यांवर जागून या बेडकाच्या मीलनाचे चित्रीकरण केले होते. बेडकांमध्ये नर मादीला पाठीमागून घट्ट कवटाळतो, हे शाळेतील पुस्तकातही असते. जगातील हजारो जातींत या मिठीचे मोजके सहा प्रकार माहीत होते. हुमायुनीचा नर मादीला कवटाळतच नाही. तो तिच्या पाठीवर ओणवा होऊन हात पानावर किंवा फांदीवर टेकतो. थोड्या वेळाने तो बाजूला होतो, मग मादी अंडी घालते, आणि नराने तिच्या पाठीवर सोडलेले शुक्राणू ओघळून अंड्यांपर्यंत पोचतात. हा सातवा प्रकार ठरला. या जातीची मादीसुद्धा आवाज काढते, हे त्याच अभ्यासात नोंदले गेले. बेडकांच्या जगात ही दुर्मीळ गोष्ट आहे. नावाला साठ वर्षे झाली तरी जवळच्याच डोंगरातील या जीवाविषयी इतके मोठे गुपित शिल्लक होते.

अब्दुलअलींच्या दोन आवडींची गाठ त्यांच्या मृत्यूनंतर एका विचित्र ठिकाणी पडली. ज्या बुलफ्रॉगसाठी ते झगडले, तो अंदमान बेटांवर मूळचा नव्हता. गेल्या दीड-दोन दशकांत, बहुधा मत्स्यशेतीसाठी मुख्य भूमीवरून नेलेल्या माशांच्या पिल्लांबरोबर, तो तिथे पोचला आणि झपाट्याने पसरला. त्याचे बेडूकमासे स्थानिक जातींच्या बेडूकमाशांना खाऊन टाकतात, असे अभ्यासांत दिसून आले आहे. बेटावरील सरडे आणि कोंबडीची पिल्लेही त्याच्या तोंडी पडतात. वर्ध्याच्या शिवारात ज्याचा आवाज ऐकून शेतकरी तिफणीची दोरी बांधतो, तोच बेडूक तिथे उपद्रवी परका ठरला आहे, आणि तिथले अभ्यासक आता त्याला आवरायचे कसे या विवंचनेत आहेत.

सह्याद्रीत जुलैच्या रात्री हुमायुनीचे नर अजूनही ओढ्यावर झुकलेल्या पानांवर बसून हाका घालतात. पानाला चिकटवलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात ती थेट खालच्या पाण्यात.